घटनामास्तरांच्या घरचे रोट

धुळ्याला नोकरी लागल्यावर पहिल्याच श्रावणात मी शेजाऱ्यांच्या देवीपुढचं खाल्लं. चोरून नाही, सगळ्यांच्या देखत आणि मोठ्या भक्तिभावाने.

झालं असं. आम्ही मूळचे रावेरकडचे. आमच्या घरी कानबाई बसत नाही, त्यामुळे नागपंचमीनंतरच्या रविवारी धुळ्यातली निम्मी घरं कशासाठी सारवून-पुसून सजतात, हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या देवराम नानांनी भिंतीवरून हाक मारली, "सर, दर्शनाला या." मी आणि मंगल गेलो. मंगल म्हणजे माझी बायको. चौरंगावर नारळाची कानबाई मांडली होती. तिला डोळे, नथ, अंगावर हिरवं कापड. पुढे ताटात जाड पोळ्यांची चळत, वर तूप. मंगलने दारातूनच हात जोडले. मी पुढे झालो, वाकून नमस्कार केला आणि प्रसाद समजून एक चांगला मोठा तुकडा मोडून तोंडात घातला.

खोलीत पंधरा-वीस माणसं होती, ती सगळी एकदम माझ्याकडे वळली. नानांची बायको, जिला सारी गल्ली अक्का म्हणायची, कपाळाला हात लावून म्हणाली, "आवो सर, हाई काय करं तुम्ही?"

त्या पोळ्या म्हणजे रोट. ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे असतात. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, उरले तरी नाही. घरातल्या एकेका माणसाच्या नावाने मूठ मूठ गहू मोजून त्याचंच पीठ काढतात, म्हणजे त्या ताटात माझ्या नावाचा एक दाणासुद्धा नव्हता. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की तोंडातला घास आत जात नाही आणि बाहेरही काढता येत नाही.

"गिळा सर," नाना शांतपणे म्हणाले. "अर्ध्यावर थांबलात तर ना इकडचे, ना तिकडचे."

मी गिळला. मग नाना भाऊबंदांकडे वळले आणि वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाले, "झालं. सर आता घरचे. चुकून मिळालेलं का असेना, नागरिकत्व काढून घ्यायला सबळ कारण लागतं."

पुढच्या वर्षी गहू मोजताना त्यांनी खरोखरच माझ्या नावाची मूठ धरली. तेव्हापासून कानबाईच्या रविवारी मी नानांच्या पंगतीला रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी खायला अधिकृतपणे बसत असे.

नाना आमच्याच हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाची शेपटी. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचायची आणि पेपर देऊन विसरायची. नानांना हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर पटलं नव्हतं. मी चित्रकला शिकवायचो. माझ्या तासाला मुलं गणिताचा गृहपाठ करत. शाळेत आम्हा दोघांचं वजन साधारण सारखंच, पण नानांना त्याचा पत्ता नसल्यामुळे ते ताठ चालत.

उंच, जरासे पुढे झुकलेले, पांढरा सदरा आणि धोतर. सदऱ्याच्या खिशात कायम खडूचे तुकडे. ते खिशातच राहून धुण्यात जात, म्हणून अक्का म्हणायची, "मन्हं निम्मं आयुष्य खडू धोवामां गयं." हातात कापडी पिशवी, तिच्यात तपकिरी कव्हर घातलेली राज्यघटना. त्याच पिशवीतून ते भाजीही आणत. एकदा मला काही दाखवायला त्यांनी पुस्तक उघडलं तर मूलभूत हक्कांच्या पानांत मेथीची वाळलेली पानं निघाली. एसटी पकडायची तर तासभर आधी स्टँडवर. शाळेत आणि चारचौघांत शुद्ध मराठी, उंबऱ्याच्या आत अहिराणी. शुद्ध मराठीत मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नाही. राग आणि माया दोन्ही अहिराणीत.

समतेचं कलम शिकवायला लागल्या वर्षी त्यांनी म्हणे रोटाच्या गव्हात बायकांच्या नावाच्याही मुठी धरायला सुरुवात केली. त्याआधी फक्त पुरुषांच्या धरत. थोरले चुलतभाऊ रामदास आबा तेव्हापासून दर श्रावणात कुरकुर करत आणि दर श्रावणात जेवायला येत.

पण नानांची खरी ओळख म्हणजे वर्गाची घटना. जून महिन्यात ते प्रत्येक वर्गाला स्वतःचे नियम करायला लावत. नियम कोणीही सुचवावा, अट एकच. तो नियम ज्याच्यावर पडणार त्याचं नाव आधी फळ्यावर लिहायचं. मग ज्याचं नाव फळ्यावर, त्याने उभं राहून बोलायचं, आणि तो बोलत असताना बाकी वर्गाने हाताची घडी घालून गप्प बसायचं. त्यानंतर मतं. एका वर्षी मुलांनी नियम आणला, उशिरा येणाऱ्याने पहिला तास वर्गाबाहेर उभं राहावं. नाव लिहा म्हटल्यावर लिहिलं गेलं ते कुसुंब्याहून येणाऱ्या एका मुलीचं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "एसटी मी चालवत नाही." एवढंच बोलून बसली, आणि मतांत तो नियम पडला.

गल्लीतसुद्धा त्यांनी हेच चालवलं. सार्वजनिक नळावर धुणं धुवू नये असा नियम त्यांनी स्वतःच मांडला, आणि पद्धतीप्रमाणे भिंतीवर खडूने नाव लिहायची वेळ आली तेव्हा अक्काचं लिहावं लागलं. अक्का जे बोलली ते मी इथे देत नाही. तोही नियम पडला.

शाळेत आणि गावात त्यांना घटनामास्तर म्हणत. काही जण हसून म्हणत, पण नाना ते पदवीसारखं घेत.

त्यांना एकच मुलगी, कमल. तीही त्यांच्याच वर्गात शिकलेली. ती नर्स झाली आणि चोपड्याकडे सरकारी दवाखान्यात लागली. तिच्याबरोबर सुशीला राहायची, तीही नर्स. सुशीला भुसावळची, बौद्ध घरातली, वडील रेल्वेत. दोघींची बदली होई तेव्हा दोघी मिळून अर्ज करत आणि कसंबसं एकाच गावात किंवा शेजारच्या गावात राहत. कमलला सुरुवातीला स्थळं आली, तिने नकार दिले, मग येईनाशी झाली. "तिले नको तर नको," नाना म्हणत आणि विषय बदलत. गल्ली त्यांना 'दोघी मैत्रिणी' म्हणायची. मैत्रिणी हा शब्द सोयीचा होता. त्याच्या आत कोणी डोकावत नसे.

नानांचा सुशीलावर विशेष जीव, कारण राज्यघटना खरोखर वाचलेलं माणूस त्यांना गावात तेवढं एकच भेटलं होतं. "आमच्या घरी हे पुस्तक कपाटात नसतं नाना, समोर असतं," ती म्हणाली होती. सुट्टीत आली की दोघं ओट्यावर बसून कलमांवर वाद घालत, आणि कमल वैतागून म्हणायची, "मी इथं आले आहे, कोणाच्या लक्षात आहे का?"

दर वर्षी कानबाईला दोघी यायच्या. सुशीला जात्यावर बसायची, पुरण वाटायची, तोरणं बांधायची. पंगत मांडली की मात्र आपणहून उठायची, पदराला हात पुसायची आणि आमच्याकडे यायची. तिला कोणी ऊठ म्हणत नसे. बस असंही कोणी म्हणत नसे. मंगल मुगाची खिचडी आणि कढी करून ठेवायची, आणि ती व सुशीला आमच्या स्वयंपाकघरात जेवायच्या. मी तेव्हा भिंतीपलीकडे रोट खात असायचो. अशी नऊ वर्षं गेली.

मग अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास कुठल्याशा लांबच्या गावातल्या दोन मुलींनी देवळात एकमेकींना हार घातल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. चार ओळींची बातमी, पण धुळ्यात चहाच्या दुकानांवर ती आठवडाभर पुरली. पहिले दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब गंभीर झाले.

आप्पासाहेब म्हणजे नानांच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. जिनिंगचे मालक, मनात आमदारकी. तिकीट मिळायचं तर नाव गाजलं पाहिजे, आणि कापसाच्या भावावर सगळेच बोलत असल्यामुळे त्यात नवीन काही उरलं नव्हतं. ते एका संध्याकाळी नानांकडे आले. मी ओट्यावरच होतो.

"नाना, घटनेत कलम घालायचंय," आप्पासाहेब म्हणाले.

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्यांच्या दारात येऊन हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

"कोणत्या घटनेत?"

"देशाच्या. आणि मंडळाच्यापण. लग्न म्हणजे बाई आणि पुरुषाचंच, असं पक्कं लिहून टाकायचं. मंडळाच्या सभेत ठराव करू, दिल्लीला पाठवू. पेपरवाले येतील."

"अरे, दिल्लीत ते इतकं सोपं नसतं," नाना म्हणाले, आणि पुढे अर्धा तास दोन तृतीयांश बहुमत कसं मोजतात ते सांगितलं. आप्पासाहेबांनी ते ऐकलं, कारण तिकीट मागणाऱ्या माणसाला ऐकायची सवय होते.

"आपल्याकडे असं काही आहे का पण?" मी उगाच विचारलं.

"नाही ना. म्हणून तर आधीच बंदोबस्त," आप्पासाहेब म्हणाले. "तुम्ही फलकाचं कापड रंगवा सर. नाना मसुदा लिहितील. घटनामास्तर असताना दुसरा कोण लिहिणार?"

त्या शेवटच्या वाक्याने नाना विरघळले. मला त्यांना दोष देववत नाही. मलासुद्धा कोणी 'अक्षर तुमच्याइतकं कोणाचं नाही' म्हटलं तर मी काय लिहितोय ते वाचत नाही.

रोज संध्याकाळी नाना मसुद्यावर बसू लागले. शब्द खोडायचे, पुन्हा घालायचे, मला वाचून दाखवायचे. शेवटी तयार झाला तो असा: विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांच्यातच होईल. अन्य कोणताही सहवास, त्यास कोणतेही नाव दिलेले असो, विवाह मानला जाणार नाही. आणि अशा सहवासास आश्रय देणारे कुटुंब समाजाच्या सर्व कार्यांतून वगळण्यात येईल. पहिला भाग देशासाठी, दुसरा मंडळासाठी.

"'त्यास कोणतेही नाव दिलेले असो', बघितलंत सर?" नाना खुशीत म्हणाले. "बहीण म्हणा, मैत्रीण म्हणा, भागीदार म्हणा. पळवाट बंद."

"वा," मी म्हणालो, आणि अक्षरं लाल काढू की निळी ते विचारलं.

अक्का उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "हाऊ नियम कोनावर शे?"

"कोणावर नाही," नाना म्हणाले. "हे तत्त्व आहे."

आता वाटतं, अक्काला नाव विचारावं लागलं आणि मास्तरांना सुचलं नाही, तिथेच मी ब्रश खाली ठेवायला हवा होता. पण मी लाल रंग कालवायला घेतला.

आषाढातल्या एका रविवारी सकाळी मी नानांच्या ओट्यावर कापड पसरून अक्षरं भरत होतो. कापड लांब, ओटा अरुंद. एक टोक पाट्याखाली दाबलेलं, दुसरं माझ्या पायाखाली. आणि समोरून कमल आणि सुशीला आल्या, हातात पिशव्या. येणार असल्याचं कळवलेलं नव्हतं. कमलने चपला काढता काढता वाचायला सुरुवात केली आणि एक चप्पल पायात असतानाच तिचं वाचून संपलं.

सुशीलानेही वाचलं. मग ती मला म्हणाली, "अक्षर सुंदर आलंय सर," आणि पाणी प्यायला आत गेली.

मला तिथून उठून जायचं होतं. पण पाय उचलला असता तर ओलं कापड गुंडाळलं जाऊन 'विवाह' 'आश्रया'वर उमटला असता. म्हणून बाप-लेकीत जे झालं ते मला बसून ऐकावं लागलं.

"नाना, नाव कुठंय?" कमल म्हणाली.

"कोणाचं?"

"नियम झाला ना? मग ज्याच्यावर पडणार त्याचं नाव. सातवीत तुम्हीच शिकवलंत."

"हा वर्ग नाही, कमल."

"मग मी लिहू? सर, ब्रश द्या."

मी ब्रश दिला नाही. घट्ट धरून बसलो.

"लोक आम्हाला मैत्रिणी म्हणतात," कमल म्हणाली. "तुम्हीपण म्हणता. नऊ वर्षं आम्ही त्या एका शब्दात घर करून राहतोय, नाना. आमचं लग्नच आहे ते, फक्त हार नाही घातले. आणि तुम्ही नेमका तोच शब्द शोधून बुजवलात."

नाना कापडाकडे बघत राहिले. आपलंच वाक्य परत परत वाचत असावेत. मग एकदम अहिराणीत म्हणाले, "तू माले सांगं का नही?"

"तुम्हाले माहीत नव्हतं?"

गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. नानांनी वाकून कापडाची एक सुरकुती सरळ केली.

"माहीत व्हतं," ते म्हणाले.

दोघी जेवायलाही थांबल्या नाहीत. निघताना कमल म्हणाली, "कानबाईला आम्ही यायचं की नाही, ते तुमचा ठराव झाला की कळवा." सुशीलाने नेहमीसारखा वाकून नमस्कार केला, आणि नानांचा हात तिच्या डोक्यापर्यंत पोहोचायच्या आत ती उठलीसुद्धा.

मी विचारलं, "नाना, कापड फाडून टाकू?"

"नको. पूर्ण करा," ते म्हणाले. "फक्त खाली हातभर जागा सोडा. आणि सभेला येताना ब्रश आणा."

सभा पुढच्या रविवारी एका मंगल कार्यालयात झाली. मी समाजाबाहेरचा, कापड बांधायला गेलो आणि मागे उभा राहिलो. सभागृह भरलं होतं. शेतकरी, दुकानदार, कारकून. त्यातले निम्मे नानांच्या हाताखालून गेलेले. आप्पासाहेबांनी संस्कृतीवर भाषण केलं आणि देश कसा धुळ्याकडे बघतो आहे ते सांगितलं. मग म्हणाले, आता आपले घटनामास्तर मसुदा मांडतील.

नाना उठले. ध्वनिक्षेपकाकडे न जाता कापडाकडे गेले. "सर, ब्रश."

मी नेऊन दिला. नानांनी सोडलेल्या जागेत लाल रंगाने नाव लिहिलं: देवराम दगडू पाटील. त्यांना ब्रशची सवय नव्हती, ओळ उतारावर गेली आणि 'पाटील' पार कोपऱ्यात पोहोचला.

मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, तुम्हाला तर बायको आहे की."

मोठा हशा झाला. नाना थांबले. हसणाऱ्या वर्गापुढे थांबायचं त्यांना माहीत होतं. आणि मग मी ते पाहिलं. पुढच्या ओळीतल्या एका टक्कल पडलेल्या माणसाने हाताची घडी घातली. मग त्याच्या शेजारच्याने. मग आणखी दहा जणांनी. ज्याचं नाव फळ्यावर, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. चाळिशी ओलांडलेले बाप्ये सातवीतल्यासारखे बसले.

"भिकन, दुसरा भाग वाच," नाना म्हणाले.

तो टक्कलवाला उठला. त्याचं किराणा दुकान होतं. "अशा सहवासास आश्रय देणारे कुटुंब समाजाच्या सर्व कार्यांतून वगळण्यात येईल."

"बस. ते कुटुंब माझं. माझी मुलगी कमल आणि तिची सुशीला. पोरीनं मला तिचं नाव लिहायला सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही, कारण नियम तिनं केला नाही, मी केला. चांगला केलाय. त्यातून माझी स्वतःची मुलगी निसटत नाही, इतका चांगला केलाय." त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. "ती चांगली नर्स आहे, गरिबांची सेवा करते, म्हणून तिला सोडा असं मी म्हणणार नाही. वाईट नर्स असती तरी इथंच उभा असतो. हा मसुदा मी मागे घेतो. तुम्हाला दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा असेल तर घ्या, मत द्या." आणि मग ती शुद्ध मराठी संपली. "पन मन्ही आंडेर शे ती, मन्ही पोर. मन्हं दार उघडंच ऱ्हाई."

आप्पासाहेब पटकन पुढे झाले. "नाना, वैयक्तिक घेऊ नका. प्रश्न देशाचा आहे."

"तू माझ्या वर्गात नव्हतास आप्पा," नाना म्हणाले. "सगळा घोळ तिथंच आहे."

घडी घातलेले हात सुटले आणि लोक हसले, या वेळी वेगळं हसले. पण सगळे नाही. रामदास आबा उठून बाहेर निघून गेले, त्यांच्यामागे आणखी काही जण. मतदान घ्यायची आप्पासाहेबांची हिंमत झाली नाही. हरले असते असं नाही, पण किती हात वर होतील याचा अंदाज लागेना, आणि असला अंदाज न लागणं त्यांना परवडणारं नव्हतं. ठराव अभ्यासासाठी उपसमितीकडे गेला. ती समिती कधी बसली नाही. कापड मात्र अक्काने ठेवून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात तिने त्यावर उडदाचे पापड वाळत घातले, आणि पापडांच्या मधून 'त्यास कोणतेही नाव' एवढं दिसत राहिलं.

सगळं गोड झालं असं नाही. संध्याकाळी नानांच्या ओट्यावर येणारी माणसं कमी झाली. एका भाचीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. नानांनी एसटी स्टँडवर जाऊन ओळखीच्या कंडक्टरकडे चोपड्याला निरोप दिला, "दोघींनी यायचं." आणि घरी येऊन अक्काला विचारलं, "आबा येई का?"

आबा आले. कानबाईला नाही कसं म्हणणार. पण गहू मोजायला बसले ते भिंतीकडे तोंड करून. नाना एकेक नाव घेऊन सुपात मूठ सोडत होते. आबांची, त्यांच्या मुलांची, सुनांची, अक्काची. "सर." माझी पडली. "कमल." पडली. "सुशीला."

"थांब, देवराम," आबा वळले. "ती आपली कोन? ना कूळ, ना जात."

नानांची मूठ सुपावर तशीच राहिली. "सर आपला कोन शेतस?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"सरनी तर चुकीसन खादं व्हतं," आबा म्हणाले.

"हां," नाना म्हणाले. "चुकीसन खादं तरी आपन मूठ धरी. हाई तर नऊ वरीस जातं वढी ऱ्हायनी." आणि मूठ सोडली.

माझ्या आयुष्यातला मूर्खपणा कोणाच्या तरी कामी आला, तो हा एकदाच. आबा पुन्हा वळले. मग भिंतीला म्हणाले, "तर मंग तिले सरना बाजूले बसाडा. मन्हा बाजूले नको."

रविवारी पंगत मांडली आणि सुशीला सवयीने उठली. पदराला हात पुसले आणि आमच्या दाराकडे वळली. नाना ताट घेऊन मध्ये उभे होते.

"कोठे चालनी?"

"मंगलताईकडे. खिचडी..."

"बस. आते तू घरनी शे." त्यांनी रोटाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. सुशीलाने कमलकडे पाहिलं. कमल ताटांत भाजी वाढत होती, ती वाढायची थांबली.

"नाना, गिळल्यावर परत काढून नाही ना घेणार?" सुशीलाने विचारलं. माझी गोष्ट तिला पाठ होती.

"अर्ध्यावर थांबू नको फक्त," नाना म्हणाले.

ती माझ्या शेजारी बसून जेवली. सावकाश, खाली बघत. मी तिला तूप पुढे केलं आणि सांडवलं.

पुढच्या श्रावणाआधीच आम्हाला जळगावच्या शाळेत जागा मिळाली आणि आम्ही धुळं सोडलं. काही वर्षांनी नाना गेल्याचं कळलं. पण माझ्यापुढे ते येतात ते त्या सोमवारचे. सकाळी पांझरा नदीत कानबाई बोळवली, आणि संध्याकाळच्या गाडीने दोघी परत निघाल्या. नाना अर्थातच तासभर आधी स्टँडवर. मी पिशव्या धरायला. चोपड्याची गाडी लागली तशी गर्दी धावली, लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या, टॉवेल टाकून जागा धरू लागले. नाना दारातून शिरले, गर्दीत दिसेनासे झाले. मग एका खिडकीत त्यांचा खांदा दिसला. खिशातून खडू काढून ते बाकाच्या पाठीवर काहीतरी लिहीत होते. मी टाचा उंचावून पाहिलं. 'कमल', आणि शेजारी 'सुशीला'. वर्गातल्यासारखं ठसठशीत, या वेळी ओळ अगदी सरळ. एक पागोटेवाला तिथे बसायला आला, त्याने ती नावं वाचली आणि मागच्या बाकावर गेला. गाडी निघाली तेव्हा नाना खडूचे हात झटकत उभे होते, आणि सदऱ्यावर पांढरे फराटे उठले होते.

घरी येऊन मी सगळं मंगलला रंगवून सांगितलं. आबा काय म्हणाले, नाना काय म्हणाले, माझी मूठ कशी दाखला म्हणून उपयोगी पडली, बाकावरची नावं. ती आदल्या दिवशीचं खिचडीचं पातेलं घासून पालथं घालत होती. तिच्यासाठी आणि सुशीलासाठी केलेली खिचडी निम्मी उरली होती. माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं, हात पुसले आणि म्हणाली,

"बरं झालं. म्हणजे आता त्या रविवारी खिचडी मी एकटीनंच खायची."